आडनाव बदलायचं, पण कुणासाठी?

प्रश्न : मी पुण्यात राहते, सासर नाशिक जिल्ह्यातलं. आमचं आडनाव ओझं वाहणाऱ्या एका प्राण्यावरून आहे. ते कृपया छापू नका. मुलगा आठवीत आहे. वर्गात त्याला त्या प्राण्याचा आवाज काढून हाका मारतात, हजेरीला हसतात. तो घरी काही बोलत नाही, पण या वर्षी सगळ्या वह्यांवर त्यानं स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहून आडनाव गाळलंय. मला राजपत्रातून (गॅझेटमधून) आडनाव बदलून घ्यायचं आहे. चुलत दिरांनी पूर्वीच गावाच्या नावाला ‘कर’ जोडून घेतलं. नणंदेच्या यजमानांनी इंटरनेटवर शोधून सांगितलं, की आपलं घराणं मूळचं एका राजवंशातलं, तेच नाव लावा. सासरे मात्र भडकले. ‘आडनाव बदलणं म्हणजे बाप बदलणं,’ म्हणाले. नवरा म्हणतो, तुम्हीच काय ते ठरवा. मी चुकतेय का? आणि आमच्या आडनावाचा खरा अर्थ तरी काय असेल?

उत्तर : ताई, तुम्ही चुकत नाही आहात. आडनाव बदलणं हा गुन्हा नाही आणि पापही नाही. पण तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. त्यात तुमचं मत आहे, सासऱ्यांचं आहे, अगदी नणंदेच्या यजमानांचंही आहे. मुलाचं मत कुठेच नाही. त्यानं वहीवर आडनाव गाळलेलं तुम्ही पाहिलंत आणि थेट राजपत्रापर्यंत पोचलात. त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी सासऱ्यांचं वाक्य बघू, कारण घरातली गाडी तिथेच अडली आहे.

तुमचं लग्न झालं तेव्हा तुमचं आडनाव बदललं. कायद्यानं ते बदलावं लागत नाही, तरी बदललं. वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, दोन्ही एका दिवसात मागे पडलं आणि मांडवातल्या कुणालाही त्यात बाप बदलल्यासारखं वाटलं नाही. हे उत्तर सासऱ्यांच्या तोंडावर फेकू नका. वादात जिंकाल, पण जेवणाच्या ताटावरचं बोलणं बंद होईल. मात्र स्वतःच्या मनाशी एवढं पक्कं असू द्या, की बाप आणि आडनाव या एकच गोष्टी असत्या, तर निम्म्या महाराष्ट्राला लग्नात पोरकं व्हावं लागलं असतं.

सासऱ्यांना सांगायचंच असेल तर दुसरं सांगता येईल. मराठी घरांतली आडनावं बदलतच आली आहेत आणि ती बदलणारी माणसं काही बेवारशी नव्हती. नाना फडणवीसांचं घराणं मूळचं वेळासच्या भानूंचं. फडणवीस हा हुद्दा, तोच पुढे आडनाव होऊन बसला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे मूळचे सिद्धये. घराण्याकडे देशमुखी आली आणि सिद्धये मागे राहिलं. औंधचे पंतप्रतिनिधी म्हणजे किन्हईचे कुलकर्णी. जोतीराव फुल्यांचं घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला म्हणून लोक फुले म्हणू लागले. (गोऱ्हा म्हणजे बैलाचं पोर. आडनावात प्राणी ऐकू येणारं तुमचं घर एकटं नाही, हे त्या निमित्तानं लक्षात येईल.) बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. त्या गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झालं. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. या सगळ्यांत बाप कुणी बदलला?

जुन्या कागदांत माणूस ओळखला जायचा तो त्याच्या नावानं, बापाच्या नावानं आणि मग गाव, वतन किंवा धंदा यांवरून. एकाच घरातला एक भाऊ कुलकर्णपणावर राहिला म्हणून कुलकर्णी आणि दुसरा गाव सोडून गेला म्हणून अमुककर, असं सर्रास दिसतं. आडनाव कायमचं चिकटलं ते बहुतेक घरांत इंग्रजी अमदानीत. शाळेत नाव घालताना, पलटणीत भरती होताना, जमिनीच्या नोंदी होताना साहेबाच्या कारकुनाला तिसरा शब्द हवा होता. त्या दिवशी जे तोंडावर आलं ते लिहिलं गेलं. कुणाचा हुद्दा लिहिला गेला, कुणाचं गाव, कुणाची गावानं पाडलेली टोपणनावं. तुमच्या घरात त्या दिवशी प्राणी आला असणार.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अर्थाचा. इथे तुम्ही आणि तुमच्या मुलाच्या वर्गातली पोरं एकच गोष्ट धरून चालला आहात, की आडनाव जसं ऐकू येतं तसाच त्याचा अर्थ. हे फार वेळा खोटं ठरतं. पोतनिसांचा पोत्याशी काही संबंध नाही. सरकारी खजिन्याला फारसीतून आलेला ‘पोता’ हा शब्द होता, त्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस. पारसनिसांकडे परीस नव्हता, ते फारसी पत्रव्यवहार लिहायचे. डबीर म्हणजे डबेवाले नव्हेत. ‘दबीर’ म्हणजे चिटणीस, आणि शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी त्या पदाला सुमंत हे संस्कृत नाव दिलं. मांजरेकरांच्या शेवटी ‘कर’ आलं, म्हणजे तिथे मांजर नसून गाव आहे.

प्राण्यांवरून आलेली आडनावं तर किती वाटांनी आलेली असतात! वाघ, कोल्हे, लांडगे, मोरे, घोडके, उंदरे, बोकडे, डुकरे. काही टोपणनावं आहेत. काही त्या प्राण्यावर पोट असलेल्यांची. काही टेकडी, वाडी, शेताच्या नावावरून. काहींच्या मागे देवक असतं, म्हणजे कुळानं पूज्य मानलेला प्राणी किंवा झाड. घोरपड्यांची कथा प्रसिद्धच आहे. बहामनी काळात खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेताना घोरपडीच्या साह्यानं कडा चढला म्हणून भोसल्यांच्या एका शाखेला तो किताब मिळाला, असं मुधोळकर घोरपड्यांच्या घराण्यात सांगतात. कथा जशीच्या तशी खरी मानायची की नाही हे इतिहासवाल्यांवर सोडू. पण संताजींच्या पुढे कुणी घोरपडीची नक्कल केली असेल असं मला वाटत नाही.

तुमच्या आडनावातला प्राणी घाटरस्ते होण्याआधी या मुलखाची मालवाहतूक करत होता. मीठ, धान्य, माती, विटा, दगड त्याच्या पाठीवरून जायचे. कुंभार, वडार, बेलदार, परीट यांचा तो रोजचा सोबती. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या सुमाराला आणि मढीला कानिफनाथांच्या यात्रेत त्याचा बाजार भरत आला आहे आणि तिथे लाखाच्या घरातही सौदे होतात. म्हणजे एखाद्या काळी हे नाव ‘ज्यांच्याकडे वाहतुकीची जनावरं आहेत ते’ असं साधं, कदाचित खात्यापित्या घराचंही असू शकतं. किंवा कुण्या हट्टी पणजोबाला गावानं चिडवलेलंही असू शकतं. नुसत्या शब्दाकडे बघून यातलं काहीही ठरत नाही.

आणि त्या प्राण्याच्या नावानं हिणवणं हेही आजचं नाही, हे मान्य करू या. शिलाहारांच्या काळापासून कोकणात गद्धेगाळ नावाचे दगड उभे आहेत. दान दिलेल्या जमिनीला हात लावाल तर काय होईल, याचा शाप त्यावर त्याच प्राण्याचं चित्र कोरून दिलेला असतो. हजार वर्षांची शिवी आहे ती. तेव्हा ‘त्यात काय एवढं, दुर्लक्ष कर’ असं मुलाला सांगू नका. त्याला लागतंय ते खरं आहे.

अर्थाचा शोध खरोखर घ्यायचा असेल तर तो इंटरनेटवर नाही, तुमच्या सासऱ्यांकडे आणि सरकारी दप्तरात आहे. तुम्ही नाशिककडच्या, म्हणजे सोय घरचीच. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडे घराण्याघराण्यांच्या नामावळी असतात. पूर्वज यात्रेला किंवा श्राद्धाला आले की गाव, आडनाव, मुलांची नावं लिहून ठेवायचे, सही-अंगठा करायचे. तुमच्या गावाचे उपाध्ये कोण हे सासऱ्यांना माहीत असेल. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचा जुना गाव नमुना 14 मिळतो, त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. अक्षर मोडी असेल तर वाचणारा शोधावा लागेल. हे काम सासऱ्यांना द्या. खरंच द्या. ज्या माणसाला वाटतंय की सून घराण्याचं नाव पुसायला निघालीये, त्याच्याकडे घराण्याचा कागद शोधायचं काम आलं की भांडणाची तऱ्हा बदलते. कदाचित तीन पिढ्यांमागे दुसरंच आडनाव निघेल, आणि मग बदल हा बदल न राहता परत फिरणं होईल. हे सासऱ्यांनाही पेलवेल.

नणंदेच्या यजमानांचा राजवंश मात्र बाजूला ठेवा. शेलार आणि शिलाहार, कदम आणि कदंब, साळुंखे आणि चालुक्य, अशा जोड्या आपल्याकडे मोठ्या हौसेनं जुळवल्या जातात. काहींमागे इतिहासाचा आधार असेलही, पण आवाज जुळला म्हणजे रक्त जुळलं असं होत नाही. कुळींच्या याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. आपल्याला आवडलेलं राजघराणं निवडून राजपत्रात छापून घेतलं, तर मुलाला आज एका नावाची लाज वाटते आहे, उद्या दुसऱ्या नावाचं खोटं सांभाळावं लागेल. शिवाय त्या घराण्यातली खरी माणसं कधीतरी भेटतातच. लग्नाच्या बैठकीत तर हमखास.

‘कर’ हा मार्ग बरा, फक्त तो कोराकरकरीत असतो असं समजू नका. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कुणी ओळखत नाही. साताऱ्यात सगळेच सातारकर. गाव सोडलं की मगच ‘कर’ लागतं. म्हणून कोकणातून बाहेर पडलेल्या सगळ्या जातीधर्मांत ते सापडतं. रायगडकडच्या बेने इस्राएल ज्यूंमध्ये पेणकर, रोहेकर, किहिमकर आहेत. तुम्ही पुण्यात आहात, सासरच्या गावाचं नाव लावणं हे जुन्या रीतीला धरूनच होईल. चुलत दिरांनी जे लावलंय तेच घ्या, अगदी इंग्रजी स्पेलिंगसकट. एका आजोबांच्या नातवंडांची तीन आडनावं झाली, तर वारसाच्या नोंदीत तलाठी तुम्हाला चकरा मारायला लावेल.

आता कागद. हे ज्यांना आपल्या घरासाठी लागेल त्यांनीही नीट वाचावं, कारण चुका इथेच होतात.

महाराष्ट्रात नाव बदलाची जाहिरात शासन राजपत्रात येते. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. जुन्या नावाचा पुरावा, ओळखपत्र, फोटो आणि कारण लागतं. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलासाठी पालक अर्ज करतात. एजंट लागत नाही. (गोव्यात राहणाऱ्यांनी हे धरून चालू नये, तिथे नाव-आडनाव बदलाचा 1990 चा वेगळा कायदा आहे.) राजपत्राची प्रत मिळाली की आधार, पॅन, बँक, मग पासपोर्ट. ती प्रत आयुष्यभर जपायची. जुनं नाव आणि नवं नाव यांना जोडणारा तेवढाच एक पूल असतो.

फक्त मुलाचं आडनाव बदलून तुमचं दोघांचं तसंच ठेवू नका. बापाचं एक आणि पोराचं दुसरं असं दिसलं की प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागेल. बदलायचं तर तिघांचं.

तुमची जात मी विचारत नाही. पण मुलाला पुढे जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागणार असेल, तर आधी थांबून विचार करा. पडताळणी समिती वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या आणि महसुली नोंदी बघते. इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या. त्या सगळ्या कागदांवर जुनंच आडनाव असणार. बदल केल्यानं हक्क जात नाही, पण साखळी दाखवावी लागते. जमलं तर आधी दाखला आणि नवऱ्याची किंवा सासऱ्यांची वैधता जुन्या नावानं करून घ्या, मग राजपत्र.

शाळेचं वेळापत्रकही बघा. राज्य मंडळाच्या शाळेत जनरल रजिस्टरमधला बदल विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनं करून घेणं सोपं. दहावीचं प्रमाणपत्र एकदा जुन्या नावानं निघालं की पुढे ते राजपत्रासोबतच दाखवत राहावं लागतं. म्हणजे तुमच्या हातात नववीच्या अखेरीपर्यंतचा काळ आहे. आणि याची दुसरी बाजू अशी, की वर्गातल्या पोरांना जुनं आडनाव पाठ आहे. नववीत बदललंत तर उरलेल्या शाळेत ती त्याला दोन्ही नावांवरून चिडवतील, नवीन नावावरून जरा जास्तच. बदलाचा फायदा त्याला अकरावीला, नव्या कॉलेजात मिळेल. आजच्या त्रासावर राजपत्र हे औषध नाही.

आजच्या त्रासासाठी वर्गशिक्षकांना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, एक साधी विनंती करा, की हजेरी पहिल्या नावानं किंवा क्रमांकानं घ्या, फक्त त्याची नव्हे, सगळ्या वर्गाची. वर्गात टकले, काळे, भोपळे, दहीभाते असणारच. त्यांच्या आयांनाही बरं वाटेल. मुलगा शाळेत जायला टाळतो का, मैदानावर जाणं बंद केलंय का, डबा तसाच परत येतो का, हे बघा. तसं असेल तर प्रश्न आडनावाच्या पुढे गेलाय आणि समुपदेशकाला भेटायला हवं.

मग मुलाशी बोला. ‘आपण आडनाव बदलू या का?’ असं विचारू नका. त्यात तुमचं उत्तर आधीच आहे आणि तो तुम्हाला बरं वाटेल ते बोलेल. ‘वहीवर आडनाव लिहिलं नाहीस, ते मी पाहिलं,’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. आठवीतली मुलं आईशी समोरासमोर बोलत नाहीत. स्कूटरवर मागे बसली की बोलतात. कदाचित तो म्हणेल, मला बदलायचंय. कदाचित म्हणेल, आजोबांना वाईट वाटेल म्हणून नको. किंवा आडनावाचा विषयच नसेल, एक ठरावीक मुलगा असेल. तो नको म्हणाला तर थांबा. अठरा वर्षांचा झाल्यावर तो स्वतः अर्ज करू शकतो, आणि तोवर वहीवर, जर्सीवर, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव लिहायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

राहिला तुमचा नवरा. ‘तुम्हीच ठरवा’ हे चालणार नाही. अर्जावर त्यांची सही लागेल, नाव त्यांचंही बदलेल आणि वडिलांसमोर उभं त्यांनाच राहावं लागेल. पण त्याहून महत्त्वाचं असं, की हे आडनाव घेऊन ते स्वतः दहावीपर्यंत शाळेत गेले आहेत. त्यांना वर्गात काय म्हणायचे, त्यावर ते काय करायचे, रडायचे, मारामारी करायचे की हसण्यावारी न्यायचे, हे तुमच्या पत्रात नाही. मला वाटतं, तुम्हालाही ठाऊक नसावं. येत्या रविवारी त्यांना ते सांगायला लावा, आणि मुलगा घरात असताना.